लाल झालेलं मडकं

पोपटी म्हणजे काय हे रायगडच्या बाहेरच्या माणसाला समजावून सांगता येत नाही, असं माझं जुनं मत आहे आणि कतारमध्ये राहून ते आणखीच पक्कं झालं आहे. मडक्यात वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी भरायची, जाडं मीठ आणि ओवा टाकायचा, पाण्याचा थेंबही घालायचा नाही, तोंड पाल्यानं गच्च बंद करायचं, मडकं उपडं ठेवायचं आणि भोवती जाळ करायचा. एवढं सांगून झालं की समोरचा विचारतो, "मग कुकरमध्ये का नाही करत?" पूर्वी मी या प्रश्नावर तावातावानं बोलायचो. आता चहाचा घोट घेतो आणि विषय बदलतो.

आम्ही पेणच्या बाजूचे. मी इथल्या एका कंपनीत स्टोअर्स सांभाळतो. अल वक्रामध्ये दोन बेडरूमचा फ्लॅट आहे, खाली रत्नागिरीच्या एका गृहस्थांचं किराणा दुकान आहे. त्यांना आम्ही भाईजान म्हणतो. वयानं ते माझ्याहून मोठे आणि थट्टा करण्यात माझ्याहून पुष्कळच पुढे. नारळ, कोकम, सुके बोंबील आणि गुरुवारच्या विमानानं येणारी भाजी एवढ्या गोष्टींसाठी आमचं घर त्यांच्यावर अवलंबून आहे. त्यांचं असं म्हणणं की आम्ही रायगडचे लोक शहाण्यासारखा स्वयंपाक करत नाही.

"भाऊ, आमच्या रत्नागिरीत जेवण टोपात शिजवतात," ते म्हणायचे. "मडक्याला आग लावून नाचत नाय बसत."

"म्हणून तुम्हाला पोपटी मिळत नाही," मी म्हणायचो.

बायकोचं सांगायला हवं, कारण ही सगळी गोष्ट तिचीच आहे. तिच्या हाताला चव होती असं मी म्हणणार नाही. तसं सगळेच नवरे म्हणतात आणि निम्मे खोटं बोलतात. तिला चव होती ती नाकात. आमटीला उकळी आली की झाकण थोडं सरकवून ती नुसता वास घ्यायची आणि सांगायची, मीठ कमी आहे. दिवाळीत तिच्या चकलीसाठी पार अल दुहैलच्या पुणेकर बायकांचे फोन यायचे. मासळी बाजारात ती माशाला हातही लावायची नाही. टोपल्यांच्या रांगेतून चालत जायची आणि तिसऱ्या-चौथ्या टोपलीपाशी थांबायची. त्या वेळी तिच्या चेहऱ्यावर जो एक रुबाब असे, तो मला फार आवडायचा.

दीड वर्षापूर्वी तिला ताप आला. साधाच, सगळ्या बिल्डिंगमध्ये फिरून गेलेला. इतर बरे झाले, तीही बरी झाली, पण वास गेला तो परत आला नाही. पहिल्या आठवड्यात कुणाच्या लक्षातही आलं नाही. मग एका शुक्रवारी तिनं सुरमईचं कालवण केलं आणि मी पहिला घास तोंडात घातला. मासा उतरलेला होता. चांगलाच उतरलेला. मी घास गिळला, मुलीनं मात्र ताट मागे सरकवलं आणि म्हणाली, "मम्मी, धिस इज बॅड." बायकोनं आमच्या दोघांच्या तोंडाकडे आळीपाळीनं पाहिलं, पातेलं उचललं आणि स्वयंपाकघरात निघून गेली.

डॉक्टर म्हणाले, येईल, वेळ लागेल. त्यांनी चार छोट्या बाटल्यांचा व्यायाम दिला. लिंबू, लवंग, गुलाब आणि निलगिरी. रोज सकाळ-संध्याकाळ एकेक बाटली नाकापाशी धरायची, डोळे मिटायचे आणि तो वास आठवायचा. तिनं ते काही महिने इमानानं केलं. मी दाराआडून बघायचो. लिंबाच्या बाटलीशी ती जास्त वेळ थांबायची. एके दिवशी तिनं चारही बाटल्या धुतल्या आणि त्यांत मोहरी, मेथी असलं काहीबाही भरून ठेवलं.

या काळात आम्ही सगळ्यांनी तिला भंडावून सोडलं होतं, हेही खरं. जो येईल तो तिच्या तोंडासमोर काहीतरी धरायचा. भाईजाननी दुकानातून उंची अत्तर आणलं. मुलगी कॉफीचा डबा उघडून फिरायची. मी हिंगाची डबी घेऊन मागून जायचो आणि अचानक पुढे करायचो, जणू वासाला दचकवून परत आणता येतं. "आला का? थोडा तरी?" हे वाक्य त्या घरात इतक्या वेळा बोललं गेलं की शेवटी तिनं एका जेवणाच्या वेळी पळी खाली ठेवली.

"मी काय एअरपोर्टवरचा कुत्रा आहे? आजपासून या घरात माझ्या नाकाचं नाव काढायचं नाय. वास हा शब्द काढायचा नाय. कुणी काय नाकाशी आणलं तर जेवण बंद."

जेवण बंद म्हणजे तिचं की आमचं, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. त्या दिवसापासून आम्ही सगळे त्या शब्दाला लांबून वळसा घालू लागलो. भाईजानसुद्धा.

घर चालूच होतं. ती मोजमापाचे चमचे घेऊन स्वयंपाक करायला शिकली. पदार्थ बिघडत नसत. पण फराळाच्या ऑर्डरी तिनं बंद केल्या आणि स्वतः जेवायची ती औषध घेतल्यासारखी. मऊ आहे, गरम आहे, एवढंच कळतं, असं ती एकदा मुलीला म्हणाली. आणि एकदा इस्त्री करता करता मला म्हणाली, "तुमच्या शर्टालासुद्धा कायच येत नाय हो." ती हसत म्हणाली होती. मला मात्र त्या दिवशी ऑफिसात काम सुचलं नाही. इतक्या वर्षांच्या संसारात मी तिच्या नाकात किती जागा व्यापून होतो, याचा मी कधी विचारच केला नव्हता.

तर थंडी आली. इथली थंडी म्हणजे आपल्याकडची सुखाची हवा. लोक तंबू, कबाबाच्या शेगड्या आणि लाकडाची पोती घेऊन वाळवंटात जायला लागतात. मी जाहीर केलं की आपण पोपटी करायची.

"मला खावीशी वाटते आहे," मी म्हणालो. हे खरं होतं. पण त्यामागचं आणखी जे खरं होतं ते तिला बरोबर कळलं. पोपटीचा जो वास शेताच्या बांधावरून गावभर जातो, तो लिंबाच्या बाटलीत मावणारा नव्हे, असा माझा हिशेब होता. तिनं माझ्याकडे जरा वेळ रोखून पाहिलं.

"करा की," ती म्हणाली. "पण करणार तुम्ही. मी खुर्चीवर बसणार."

सामानाची जमवाजमव भाईजानच्या दुकानातून झाली. वालाच्या पापडीच्या शेंगा गुरुवारी आल्या. पाण्याचं मडकं त्यांच्याकडेच माळ्यावर पडून होतं. अडलं ते पाल्याशी. पोपटीला भांबुर्डीचा पाला लागतो, तो आपल्याकडे कुठल्याही बांधावर फुकट उगवतो आणि इथे कुठल्याही किमतीला मिळत नाही. शेवटी केळीची पानं घेतली आणि बाल्कनीतल्या कुंडीतला पानओवा ओरबाडून काढला. हे पेणला कुणाला कळलं असतं तर मला वाळीतच टाकलं असतं.

पहिली पोपटी फसली. इथे उघड्या जमिनीवर जाळ करता येत नाही, म्हणून आम्ही आणि भाईजाननी मिळून वाळवंटात अर्धं कापलेलं लोखंडी पिंप नेलं होतं. त्यात मडकं उपडं ठेवलं, भोवती लाकडं आणि कोळसा रचला. पोपटी झाली की नाही हे बघायची आमची एकच रीत आहे. मडक्यावर पाणी शिंपडायचं. चर्र होऊन क्षणात सुकलं की झाली. मी शिंपडलं, क्षणात सुकलं, मी उघडली. शेंगा हिरव्यागार आणि कच्च्या. अंडं फोडलं तर वाहायला लागलं.

"झाली ना रायगडची?" भाईजान म्हणाले. "आता टोप आणू?"

त्या रात्री आम्ही त्यांच्या घरची बिर्याणी खाल्ली. खुर्चीची घडी घालताना बायको हसत होती हे मी पाहिलं. मला बरं वाटलं, कारण तिला आमच्या फजितीचं का होईना हसू येत होतं.

आठवडाभर मी विचार केला आणि मला चूक सापडली. आपल्याकडे पोपटी होते पेंढ्यावर, वाळल्या पातेऱ्यावर, काटक्यांवर. तो जाळ भडकतो आणि बसतो, मडकं हळूहळू तापतं, तोवर आतलं शिजतं. इथे पोत्यात मिळतात ती टणक लाकडं आणि कोळसा. त्यांनी मडकं बाहेरून लगेच तापतं, पाणी लगेच सुकतं आणि आत काहीच झालेलं नसतं. म्हणजे पाण्याची परीक्षा इथे खोटी. म्हणून पुढच्या वेळी पाणी शिंपडायचंच नाही, भरपूर थांबायचं, असं मी ठरवलं. अर्ध्या चुकीवरून पूर्ण निष्कर्ष काढण्यात आमच्या घराण्याचा हातखंडा आहे.

दुसऱ्या शुक्रवारी त्याच जागी गेलो. भाईजानच्या पत्नीनं या वेळी खबरदारी म्हणून बिर्याणी बरोबरच आणली होती. मी ती गाडीतच ठेवायला लावली. मडकं भरलं, पिंपात उपडं ठेवलं, लाकडं पेटवली. वारा होता, त्यामुळे कोळसा भराभर फुलला. बायको आमच्याकडे पाठ करून, शाल लपेटून बसली आणि काकडी चोचवायला घेतली.

सूर्य गेला आणि मडक्याचा रंग दिसायला लागला. आधी ते काळं होतं. मग वरची काजळी जळून गेली आणि तळाकडून ते लाल व्हायला लागलं. आधी विटेसारखं, मग त्याहून उजळ, आणि मग आतूनच दिवा लावल्यासारखं. माझ्या उभ्या आयुष्यात मी मडक्याला असं झालेलं पाहिलं नव्हतं. पेंढ्याचा जाळ इतका वेळ टिकतच नाही. शेजारच्या तंबूतले लोकसुद्धा बघायला आले. मुलगी फोनवर फोटो काढत होती.

"बाबा, देअर्स अ वर्ड फॉर धिस," ती म्हणाली. परीक्षेसाठी ती जुने इंग्रजी शब्द पाठ करत होती. "कँडंट. ग्लोइंग विथ हीट. बट नोबडी यूझेस इट."

"आपल्याकडे रसरशीत म्हणतात," मी म्हणालो. "निखाऱ्याला."

"रसरशीत," तिनं एकदा म्हणून पाहिलं. मराठी शब्द ती आपणहून तोंडात घेते असं फार वेळा होत नाही, त्यामुळे मी भलताच खूष झालो. वाटलं, आज सगळं जमणार. मडकं इतकं देखणं दिसतंय म्हणजे आत काहीतरी झकास चाललं असणार. आणखी दोन लाकडं आत सरकवली.

भाईजान बाजूला चटई टाकून नमाज पढायला गेले होते. ते परत आले आणि पिंपाजवळ हात शेकत उभे राहिले. धूर सरळ आमच्या तोंडावर येत होता, नाकं गळत होती आणि आम्ही दोघं डोळे चोळत त्या लाल मडक्याकडे कौतुकानं बघत होतो.

"अहो, काढा ते," मागून बायको म्हणाली. "लागलंय."

"थांब गं. मागच्या वेळी घाई केली म्हणून कच्ची राहिली."

"लागलंय म्हणते ना मी. करपलं सगळं."

मला रागच आला. एक तर ती मला म्हणाली होती की करणार तुम्ही. त्यात ती पाठमोरी बसलेली. मी आठवडाभर डोकं चालवून जे ठरवलं होतं ते ती खुर्चीवरून मोडीत काढत होती.

"तिकडे पाठ करून तुला काय दिसतंय?" मी म्हणालो. "अजून शेंगा शिजल्याचा वास पण आलेला नाही."

शब्द तोंडातून गेला. भाईजाननी माझ्याकडे पाहिलं. मुलीनं फोन खाली केला.

"शिजल्याचा मला येत नाय," बायको वैतागून म्हणाली. "करपल्याचा येतोय."

आणि काकडीवरची तिची सुरी थांबली.

मी काय केलं ते मला नीट आठवत नाही. फावडं घेतलं असणार, कारण मडकं पिंपातून बाहेर वाळूत आलं आणि येता येताच तडकलं. फुटलं तसा आतून काळा धूर निघाला. मडक्याला लागून होतं ते सगळं कोळसा झालं होतं. शेंगांच्या नुसत्या काळ्या सुरळ्या राहिल्या होत्या. अंडी फुटून जळली होती. अगदी मधले चार-पाच बटाटे तेवढे खाण्यासारखे वाटत होते. खापऱ्या अजून लाल होत्या आणि वाळूत टिकटिक करत निवत होत्या. आता आमच्याही नाकात ती जळकी उग्र घाण शिरली.

बायको उठून आली होती. शाल खांद्यावरून खाली लोंबत होती, तिचं तिला भान नव्हतं. मुलीनं तोंड उघडलं, "मम्मी, डिड यू," आणि मी तिचा हात दाबला. मला स्वतःला विचारायचं होतं. मला ओरडून विचारायचं होतं. पण विचारायचं नाही असं ठरलं होतं, आणि खोटं निघालं तर काय, ही भीतीही होती. समजा तिनं धूर पाहून अंदाज केला असेल. समजा तिला नुसतंच वाटलं असेल. भाईजान डोक्यावरची टोपी नीट करत बसले. एरवी त्यांच्याकडे अशा मडक्यावर बोलायला पुष्कळ असतं.

ती वाळूत बसली. खापऱ्यांपासून लांब पडलेली एक काळी शेंग तिनं शालीच्या टोकानं उचलली, फुंकर मारून निववली आणि नाकापाशी नेली. डोळे मिटले. तिनं एकदा वास घेतला, थांबली, पुन्हा घेतला.

"शी," ती म्हणाली. "काय घाण वास आहे हा."

तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तिनं ते पुसलं नाही. तिनं शेंग माझ्यापुढे धरली.

"बघा ना. घाण आहे ना? की मलाच वाटतंय?"

मी वाकून वास घेतला. जळलेली साल, जळलेला ओवा, त्याच्यात करपलेल्या अंड्याचा दर्प.

"घाण आहे," मी म्हणालो. "फार घाण आहे."

भाईजाननीही शेंग मागितली, हुंगली आणि छातीवर हात ठेवून ग्वाही दिली की अशी घाण त्यांनी जन्मात हुंगलेली नाही. मुलगी आईच्या गळ्यात पडली. तिलाही शेंग हवी होती. पण तोपर्यंत बायकोनं ती परत घेतली होती, आणि आता काही केल्या ती कुणाला द्यायला तयार नव्हती.